मेलेला पारा

उदगीरमध्ये कुणी हसलं की डॉक्टर त्याच्या तोंडात बघायचे. लग्नाच्या मांडवात, धान्याच्या मोंढ्यात, स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलेल्या माणसांत, कुठेही. समोरचा मोठ्याने हसला की त्यांची नजर त्याच्या डोळ्यांवरून खाली घसरायची आणि क्षणभर मागच्या दाढांवर थांबायची. दाढेत करडी चकती दिसली की त्यांचा चेहरा निवायचा. "हाय अजून," असं ते स्वतःशीच म्हणायचे. समोरच्याला वाटायचं, आपल्या विनोदाला दाद मिळाली.

ते दातांचे डॉक्टर होते आणि मी त्यांचा भाडेकरू. एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी म्हणून मी उदगीरला राहत होतो. खाली त्यांचा दवाखाना, वर माझी खोली. ते स्वतः मागच्या अंगाला राहत, एकटेच. पत्नी वारली होती, मुलगी बंगळूरला नोकरीला. गावात त्यांना नावाने ओळखणारे थोडेच होते. 'चांदीवाले डॉक्टर' म्हटलं की रिक्षावाला न विचारता देगलूर रस्त्याला वळायचा.

चांदी म्हणजे किडक्या दाढेत भरतात ती. तिच्यात चांदी-कथलाची भुकटी असते आणि जवळजवळ निम्मा पारा. दोन्ही घोटले की मऊ गोळा होतो, तो दाढेत दाबून बसवतात आणि बघता बघता त्याचा दगड होतो. मी तिथे गेलो तोवर लातूरच्या बहुतेक दवाखान्यांत दाताच्या रंगाचं पांढरं फिलिंग आलं होतं. डॉक्टरही ते करत, पण मन लावून नाही.

"दिसायला बेस हाय," ते म्हणायचे. "पण दाढ काय दिसायला दिलीय का देवानं? दाढ चावायला दिलीय."

दवाखान्यात शहाबादी फरशी होती आणि त्या खोलीत झाडू न्यायला सक्त बंदी होती. झाडूने पाऱ्याचा थेंब फुटतो, एकाचे शंभर होतात आणि सांदीत जाऊन बसतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून रोज सकाळी ते स्वतः बॅटरी घेऊन जमिनीवर बसत आणि उजेड अगदी आडवा धरून फरशीवरून फिरवत. बाहेर मोंढ्याकडे तुरीचे ट्रक चाललेले असत, हवेत डाळीची धूळ असे, आणि आत हा सत्तरीचा माणूस गालफाड जमिनीला टेकवून एका सांदीत बघत पडलेला. सापडला की हाक मारायचे, "पेपरवाले, या, बगा." मी खाली जाऊन बघायचो. मोहरीच्या दाण्याएवढा थेंब असायचा आणि त्यात अख्खी खिडकी दिसायची, गज, गजांमागचा लिंब, लिंबामागचं आभाळ. ते चिकटपट्टीच्या तुकड्याने तो अलगद उचलत आणि पाणी भरलेल्या बरणीत सोडत. बुडाशी जाऊन तो आधीच्या थेंबांत कधी मिसळला हे डोळ्यांना कळायचं नाही. आम्ही दोघेही बराच वेळ बरणीकडे बघत राहायचो.

खिडक्या हिवाळ्यातही उघड्या. दुपारी पेशंट नसले की ते पेशंटच्याच खुर्चीत झोपत, डोक्यावरचा दिवा बंद करून. झोपेत त्यांचा उजवा अंगठा डाव्या तळहातावर गोल गोल फिरत असे. तरुणपणी हैदराबादला शिकून आले तेव्हा हे काम हातानेच चाले. खलात घोटलेला गोळा फडक्यात पिळून जास्तीचा पारा काढायचा, मग तळहातावर अंगठ्याने मळायचा. मळताना तो बारीक कुरकुरतो. "तो कुरकुरला की तयार झाला," ते सांगायचे. पुढे हलवणारं मशीन आलं, तयार कुप्या आल्या. अंगठा मात्र झोपेत जुनंच काम करत राहिला.

जागेपणी त्यांचे हात थरथरत. चहाचा कप बशीत वाजायचा. दाताचा आरसा पेशंटच्या तोंडात टेकला की थरथर थांबायची, काढला की पुन्हा सुरू. कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं असे: "चहा जास्ती झाला."

बातमीदार असल्याने मी त्यांना सरळ विचारलं होतं, दाढेतला पारा सुरक्षित असतो का. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या मुलीच्या वागणुकीबद्दल विचारलं.

"पारा दोन जातींचा," ते म्हणाले. "जिता अन् मेलेला. बाटलीतला जिता. तो हवेत उडतो, दिसत न्हाई, वास येत न्हाई, नाकातून आत जातो. त्याला भ्यावं. चांदीसंगं त्याचं लगीन लागलं की तो मेला. जागचा हलत न्हाई."

"म्हणजे दाढेतून काहीच सुटत नाही?"

"सुटतं की. चावताना सुटतं थोडं. मोजण्याइतकं सुटतं, भिण्याइतकं न्हाई."

हे वाक्य मी वहीत घेतलं, पण त्याची बातमी झाली नाही. कार्यालयातून विचारणा आली, की पारा घातक आहे की नाही ते एका ओळीत कळवा.

आपण भरलेल्या पाऱ्याची जबाबदारी माणूस मेल्यावरही आपल्यावर आहे, अशी त्यांची समजूत होती. ओळखीचं कुणी गेलं की स्मशानात ते हटकून जात आणि वारा कुठून येतो ते पाहून त्या बाजूला उभे राहत. इतरांनाही बाहीला धरून तिकडे ओढत. "त्याच्या तोंडात माझी चांदी हाय," एकदा त्यांनी माझ्या कानात सांगितलं. "आगीत ती सुटते. इकडं या." ते स्वतः लिंगायत. त्यांच्यात प्रेत जाळत नाहीत, पुरतात. "आपल्यात बरं हाय," ते म्हणायचे. "ज्याचा पारा त्याच्यासंगं."

आता मी नांदेडला असतो. संध्याकाळी विष्णुपुरीच्या धरणावर गेलो की उन्हं उतरताना पाणी काही वेळ अगदी जड आणि गुळगुळीत दिसतं, लाट न फुटता नुसतं सरकतं. तेव्हा हटकून ते आठवतात, आणि त्यांच्यामागून अप्पा आठवतात.

अप्पा हे त्यांचे लहानपणापासूनचे मित्र. मोंढ्यात त्यांची आडत होती. कपाळभर भस्म, पांढरी टोपी, आवाज लिलावात कमावलेला. दोघे एकमेकांना अरे-तुरे करत आणि भेटले की भांडत. अप्पांच्या घरात सगळ्यांच्या दाढा डॉक्टरांनीच भरल्या होत्या. अप्पांच्या, त्यांच्या पत्नीच्या (त्यांना सगळे अव्वा म्हणत), मुलाच्या, आणि अलीकडे सुनेच्याही. सून चाकूरकडची, एका शाळेत विज्ञान शिकवायची. लग्नाला बरीच वर्षं होऊन तिला पहिल्यांदाच दिवस गेले होते.

एका सकाळी ती एकटीच दवाखान्यात आली. मी बाहेरच्या बाकावर पेपर वाचत होतो. आत बोललेलं सगळं ऐकू येत असे.

"काका, माझ्या तोंडातलं सगळं काढून टाका," ती म्हणाली आणि फोन पुढे केला.

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवून व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. कुणीतरी जुना, भरलेला दात घासून दाखवला होता आणि त्यातून धूर उठत होता. आईच्या तोंडातला हा धूर बाळाच्या मेंदूत जातो, असं सांगणारा सांगत होता.

"धूर खरा हाय," डॉक्टर म्हणाले. "त्या माणसानं दात घासून तापवलाय. तुमची चांदी गप बसलीय. मी ती कोरायला घेतली, तर हाच धूर तुमच्या नाकात जाईल."

"मग मी काय करू?"

"काहीच करू नका. बाळंतपण होऊ द्या, लेकरू अंगावरचं सुटू द्या, मग बघू. तुमची दाढ आज नव्यानं भरायची असती, तर पाऱ्यानं भरलीच नसती मी. पोटुशी बाई अन् बारकी लेकरं, यांना नवं भरू नये, असंच सांगतात आता. पण चांगलं बसलेलं उकरू बी नये."

"लातूरला एक जण लगेच काढून देतो म्हणालेत. यांनी शनिवारची वेळ घेतलीय." तिने फोन पिशवीत टाकला. "घरात मीच तेवढी घाबरून राहिलेय. अव्वा हसतात मला. म्हणतात, पाऱ्यानं कुठं काय होतं? रोज तर पारदलिंगाचं तीर्थ घेतीस."

मी पेपर खाली केला.

"कोणत्या लिंगाचं?" डॉक्टरांनी विचारलं.

"देवघरातल्या. पाऱ्याचं शिवलिंग आहे ना, त्याच्यावर दुधाचा अभिषेक करतात, सोमवारी पंचामृत. दिवस गेल्यापासून मला वाटीभर देतात. बाळाला तेज येतं म्हणे."

आरसा ट्रेमध्ये ठेवल्याचा आवाज आला. नीट न ठेवता सोडल्याचा.

"शनिवारी जाऊ नका," डॉक्टर म्हणाले. "त्याच्या आधी मी घरी येतो."

ती गेल्यावर ते बाहेर येऊन माझ्या शेजारी बाकावर बसले. मग त्यांनी सांगितलं, ते लिंग त्यांनीच केलं होतं.

अप्पांनी नवीन घर बांधलं तेव्हाची गोष्ट. यात्रेतल्या दुकानांत मिळतं ते पारदलिंग शिशाचं असतं, अशी अप्पांची खात्री होती. ते दवाखान्यात येऊन म्हणाले होते, "तुझ्याकडं पारा हाय, चांदी हाय. अजून काय लागतं?" डॉक्टरांकडे वर्षानुवर्षांचा चांदीचा चुरा साठला होता, पिळून काढलेला पारा होता. कवळीला करतात तसा त्यांनी प्लास्टरचा साचा केला, सगळं पुन्हा घोटलं, तळहातावर मळलं आणि लिंबाएवढं लिंग घडवलं. वास्तूला स्वतः नेऊन दिलं.

"आयुष्यात भरलेलं सगळ्यात मोठं फिलिंग," ते म्हणाले, आणि आपल्याच विनोदाला हसले नाहीत.

त्यांची अडचण मला त्या बाकावरच कळली. लिंगातला पारा वाईट आहे असं सांगायला जावं, तर सून म्हणणार, मग तोंडातलाही वाईटच. ती शनिवारी लातूरला जाणार आणि दाढा कोरून घेणार. दाढांतला चांगला आहे यावर अडून राहावं, तर तीर्थ चालू राहणार.

"तुम्ही संगं चला," ते मला म्हणाले. "पेपरवाला असला की अप्पा जरा कमी वरडतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो तेव्हा पूजा नुकतीच संपली होती. देवघर पूर्वेला होतं आणि दारातून आलेलं ऊन थेट लिंगावर पडलं होतं. रोजच्या चोळण्याने ते इतकं गुळगुळीत झालं होतं, की त्याचा रंग सांगता येत नव्हता. जवळ जाईल त्याचा रंग ते घेत होतं. अव्वांच्या साडीचा लाल, मग अप्पांच्या सदऱ्याचा पांढरा. मी बघत राहिलो. अव्वा पळी घेऊन आमच्यासमोर आल्या, सवयीने माझा हात पुढे झाला. डॉक्टरांनी आपला हात पाठीमागे नेला. माझा अर्ध्यावर राहिला.

"डागदर," अप्पा म्हणाले, "तीर्थाला हात मागं?"

"अप्पा, हे पिऊ नका. कुणीच. सूनबाईला तर बिलकुल देऊ नका."

अप्पांना आधी गंमत वाटली. ती नाही हे कळल्यावर त्यांचा आवाज मोंढ्यातला झाला.

"तूच दिलास न्हवं का? तूच म्हनलास, मेलेला पारा हाय. माझ्या दाढंत भरलास, हिच्या भरलास, पोराच्या भरलास. तिथं मेलेला, अन् माझ्या देवघरात येऊन जिता झाला व्हय रं?"

"दाढंतला पिळून, दाबून बसवलेला असतो. गव्हाच्या दाण्याएवढा. हे मला दाबता येईना, आकार मोडाया लागला. म्हणून जास्तीचा पारा न पिळता ओलं ठिवलं. बाटलीत उरलेला पारा बी ह्याच्यातच जिरवला." डॉक्टर खाली बघून बोलत होते. "अन् दाढंवर कुणी रोज दूध-दही घालून चोळत न्हाई."

"मग किती उतरतो रं त्या दुधात? सांग की."

"ठाव न्हाई."

"ठाव न्हाई!" अप्पा माझ्याकडे वळले. "ल्ह्या पेपरात. डागदरला ठाव न्हाई."

"कुणी मोजलंच न्हाई, अप्पा. दाढंतलं लोकांनी मोजलंय. किती सुटतं, किती पोटात जातं, सगळं मोजलंय. म्हणून त्याचं मी छातीवर हात ठिवून सांगतो. हे मी केलंय, अन् मी मोजलं न्हाई. कदाचित काहीच उतरत नसंल. पण पोटुशा बाईला 'कदाचित' कसं पाजू?"

सून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. अव्वांच्या हातात पळी तशीच होती. त्या म्हणाल्या, "भावजी, खरं सांगा. तुमचे हात कशानं हालतात?"

चहा, असं ते म्हणतील असं मला वाटलं. बहुधा सगळ्यांनाच वाटलं. डॉक्टर पाटावर बसले आणि दोन्ही तळहात गुडघ्यांवर उपडे ठेवले.

"मला नक्की कळत न्हाई, वैनी. वय हाय. पण तरणेपणी उघडा पारा मळलाय ह्या हातानं, बंद खोलीत बसून. दोन्ही असंल." मग ते सुनेकडे वळले. "पेशंटचे हात हालत न्हाईत, सूनबाई. भरणाऱ्याचे हालतात. म्हणून तोंडातलं राहू द्या अन् हे सोडा. एकाच पाऱ्याच्या ह्या दोन गोष्टी हायेत. माझ्यावर इश्वास ठिवायचा तर दोन्हीवर ठिवा."

ती आत गेली. फोनवर बोलल्याचा आवाज आला, आधी नवऱ्याशी, मग दुसऱ्या कुणाशी तरी. शनिवारची वेळ नको, असं ती सांगत होती. अव्वांनी पळी ताम्हनात ठेवली.

"झालं?" अप्पा म्हणाले. "आता देवाचं काय करू? जाऊन तळ्यात सोडतो."

डॉक्टर ताडकन उठले. "पाण्यात न्हाई! त्या तळ्याचे मासे खातात लोक."

"मग पुरतो शेतात."

"न्हाई."

"अग्नी देऊ?"

"ते तर बिलकुलच न्हाई!"

"म्हंजी माझ्या देवाला पानी न्हाई, माती न्हाई, आग न्हाई. ठिवू कुठं मग? तुझ्या डोस्क्यावर?"

"माझ्याकडं दे," डॉक्टर म्हणाले.

दवाखान्यातल्या भंगाराच्या बरण्यांबरोबर आपला देव ठेवू द्यायला अप्पा तयार नव्हते. म्हणून डॉक्टरांनी उत्तरेच्या भिंतीवरची एक अख्खी फळी रिकामी केली. रुंद तोंडाची जाड काचेची बरणी आणली, तीत लिंग ठेवलं, वर पाणी भरलं आणि झाकण मेणाने बंद केलं. हे सगळं अप्पा समोर खुर्ची टाकून बसून बघत होते.

त्यानंतर अप्पा रोज सकाळी दवाखान्यात यायचे. अंघोळ करून, भस्म लावून, हातात बेलाचं पान. झाकणावर पान ठेवायचे, हात जोडायचे आणि डॉक्टरांकडे न बघता निघून जायचे. डॉक्टर तेव्हा बॅटरी घेऊन जमिनीवर असत. तेही मान वर करत नसत. काही दिवसांत पेशंटही बरणीला हात जोडू लागले. गाल सुजलेली बाई खुर्चीत बसण्याआधी तिकडे वळायची. दुपारी तिरपं ऊन बरणीतून जायचं आणि पाण्याचा कवडसा छतावर पडायचा. डॉक्टर खुर्चीत डोळे मिटून पडलेले असत, पण अंगठा फिरत नसे. ते जागे असत.

मी एकदा विचारलं, "सूनबाईंची काही खबर?"

"मी कसं विचारू?" ते म्हणाले.

तिचं बाळंतपण लातूरला झालं. ते मला मोंढ्यात कळलं, पण डॉक्टरांना मी सांगितलं नाही. मी सांगावं अशी ती बातमी नव्हती.

पुढच्या सकाळी अप्पा आले. हातात बेलाचं पान होतं आणि पेढ्यांचा पुडा. पान झाकणावर ठेवलं, शेजारी एक पेढा ठेवला. हात जोडून नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले. मग वळले.

"इचार की," ते म्हणाले.

डॉक्टर फरशीवरून उठले. गुडघे झटकले. "काय?"

"जे इचारायचंय ते."

डॉक्टरांनी बॅटरी बंद केली. "कसं हाय लेकरू?"

"नात हाय. चांगली हाय. तिथल्या डागदरानं उलटीपालटी करून बघितली. सगळं चांगलं हाय म्हनला."

रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि खिडकीचे गज बारीक वाजले.

"तीर्थ थांबवलं म्हणून चांगली हाय," अप्पा म्हणाले, "का पाजलं असतं तरी चांगलीच असती?"

"ठाव न्हाई, अप्पा."

"कधीच कळायचं न्हाई?"

"कधीच न्हाई."

अप्पांनी मान हलवली. लिलावात शेवटचा भाव मान्य करताना हलवत तशी. मग त्यांनी पुड्यातून एक पेढा काढला आणि पुढे केला. डॉक्टरांनी तो घेतला नाही. दाराकडे बोट केलं.

"इथं न्हाई. ह्या खोलीत मी काही खात न्हाई, कुणाला खाऊ बी देत न्हाई."

"चल मग भाईर," अप्पा म्हणाले.

दोघे पायरी उतरून रस्त्याच्या कडेला गेले. डॉक्टरांनी आधी नळावर हात धुतले, साबण लावून, बोटांच्या बेचक्यांतून, सावकाश. तोवर अप्पा पेढा हातात धरून उभे होते. पुसायला जवळ काही नव्हतं, तेव्हा अप्पांनी धोतराचा सोगा पुढे केला.